न बघता लिहिलेला आकडा बरोबर निघाला

बारा_ते_आठ

आधीच सांगून टाकतो, नोकरी सोडू का हा प्रश्न नाही. ते गणित शंभर वेळा मांडून झालंय आणि उत्तर दर वेळी तेच येतं. बाबांचा दोन एकर ऊस याच कारखान्याला जातो, माझी जागा एका संचालकांच्या शब्दावर झालेली आहे, घराचं अर्धं बांधकाम सोसायटीच्या कर्जावर उभं आहे. तेव्हा 'धाडस करा, आवडीचं काम शोधा' असं लिहिणार असाल तर तुमचाही वेळ वाचवा. मला एवढंच विचारायचंय की जे काम आवडत नाही त्यात रोजचे आठ तास तुम्ही घालवता कसे?

मी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, वय ३३, नववा हंगाम. कारखाना कुठला ते विचारू नका, दक्षिण महाराष्ट्रातला आहे आणि त्याचा भोंगा आमच्या परसात ऐकू येतो इतकं पुरे. आठ-चार, चार-बारा, बारा-आठ अशा तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात.

काम काय ते सांगतो, नाहीतर कंटाळा कशाचा ते कळणार नाही. दर तासाला मिलवरून रसाचे कॅन येतात. पहिल्या मिलचा रस, मिक्स ज्यूस, शेवटच्या मिलचा रस. रस उंच जारमध्ये ओतायचा आणि वीसेक मिनिटं नुसता ठेवायचा, म्हणजे बुडबुडे वर येतात. मग हायड्रोमीटर सोडायचा. तो डुलतो, थांबतो. डोळा रसाच्या पातळीला आणून ब्रिक्स वाचायचा, तापमानाची दुरुस्ती करायची. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती. त्यातली साखर किती ते कळायला पोल काढावा लागतो. शंभर मिलिलिटर रसात चिमूटभर ड्राय लेड, म्हणजे रस नितळ करणारी शिशाची पूड, टाकून हलवायचं, गाळायचं, पहिले थेंब फेकून द्यायचे, पुढचं पाण्यासारखं नितळ आलेलं दोनशे मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये भरून पोलॅरिमीटरमध्ये ठेवायचं. आकडा वाचायचा, टेबलात बघायचं. पोल भागिले ब्रिक्स गुणिले शंभर, ही झाली प्युरिटी. रजिस्टरात लिहायची. तोवर पुढचे कॅन दारात. मधूनमधून क्लिअर ज्यूसचा पीएच, सिरप, मसक्विट म्हणजे दाणा आणि मळीचा घट्ट लगदा, मळी, बगॅसचा म्हणजे चिपाडाचा पोल आणि ओलावा.

ऐकायला बरं वाटतं. पहिल्या हंगामात मलाही वाटायचं. पांढरा कोट घालून मी आईला व्हिडिओ कॉल केला होता आणि आईने शेजारच्या काकूंना बोलावून पोलॅरिमीटर दाखवला होता. कोटाला मळीचे डाग पडले तेव्हापासून तो खुंटीलाच आहे.

आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी बारा-आठ होती. पहाटेचे साडेतीन. सॅम्पल आणणारा पोरगा बॉयलरच्या बाजूला ऊब धरून झोपलेला. मी त्याला उठवायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलो. रजिस्टर ओढलं आणि चारचा रकाना साडेतीनलाच भरून टाकला. पहिल्या मिलचा रस: ब्रिक्स १९.२, पोल १६.३, प्युरिटी ८४.९. सही केली. असं मी आधी कधीच केलं नव्हतं, शपथेवर सांगतो. मग बसवेना. चार वाजता स्वतः जाऊन कॅन भरून आणला. वीस मिनिटं थांबलो. ब्रिक्स १९.२. लेड टाकलं, गाळलं, ट्यूब भरली. पोल १६.३.

आधी हसू आलं. मग पोटात खड्डा पडला. चोरी पकडली गेली असती तर इतकं वाईट वाटलं नसतं. मी खुर्चीत नसतो तरी आकडा तोच आला असता, मग आठ वर्षं मी इथे करतोय काय?

तेव्हापासून काम अंगावर येतंय. पाळीला जायच्या तासभर आधीच छाती भरून येते. लॅबमध्ये मोबाइलवर काहीबाही बघतो, ते संपल्यावर काय बघितलं ते सांगता येत नाही. पाळीला सहा-सहा कप चहा होतो. एमपीएससीचं पुस्तक उघडून ठेवलंय, गेल्या महिन्यापासून ते त्याच पानावर आहे, पानावर लेडचा पांढरा ठिपका पडलाय त्यावरून कळतं. सुट्टीच्या दिवशीही तसाच बसून राहतो. बायको म्हणते, तुमचं लक्ष कुठे असतं? कुठेच नसतं.

घरी बोलायची सोय नाही. पगार दोन महिने मागे आहे, पण होतो. हंगाम आता चार महिनेसुद्धा धड चालत नाही, पुढे रिटेन्शनवर, म्हणजे कमी पगारावर, घरी बसायचं. बाबा म्हणतात, सावलीतलं काम आहे, आणि काय पाहिजे? बाहेर थंडीत ऊसतोडीच्या बायका पहाटे तीनला मोळ्या बांधत असतात, ते बघितलं की माझं रडगाणं मलाच लाजिरवाणं वाटतं. पण लाज वाटली म्हणून कंटाळा गेला असं होत नाही, उलट दोन्ही एकदम छातीवर बसतात.

गेल्या हंगामात कारखान्याने ताणतणावावर व्याख्यान ठेवलं होतं. वक्त्यांनी कामावर प्रेम करा म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. रातपाळी करून आलेले तिघे टाळ्या वाजवता वाजवता भिंतीला टेकून झोपले. तसलं काही नको. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा.


बिनबर्फाचा_रस

पगार मागे का होईना, होतो ना? आमच्याकडे एम.एस्सी. झालेली पोरं कुरिअर टाकत फिरतायत. कंटाळा हा भरल्या पोटाचा आजार आहे भावा. दोन महिने घरी बसून बघ, रजिस्टर स्वप्नात येईल.


बारा_ते_आठ

हे मी स्वतःला रोज सांगतो. अजून तरी गुण आलेला नाही.


डेस्क_चौदा

मी पुण्यात आरोग्य विम्याचे क्लेम तपासते. अकरा वर्षं. रुग्णालयाची बिलं, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या. दिवसाला ठरलेल्या फायली. तुमचा जार आणि माझी स्क्रीन, फरक फार नाही.

तुम्ही विचारलंत काय करता, म्हणून खरं तेच लिहिते. पहिली सात वर्षं मला कंटाळा आला नाही आणि याचं श्रेय मी माझ्या स्वभावाला देत होते. शेजारच्या डेस्कवर एक मैत्रीण होती. आमचा एक खेळ होता. मेडिकलच्या पावतीवर हाताने गावाचं नाव झाकायचं आणि दुकानाच्या नावावरून जिल्हा ओळखायचा. रेणुका मेडिकल, तुळजाभवानी मेडिकल, जोतिबा मेडिकल. रेणुका आलं की वाद ठरलेला, ती म्हणायची नांदेड, मी म्हणायचे सौंदत्तीची रेणुका, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडचं असणार. हरेल त्याने चहा द्यायचा. सोळाशे रुपयांच्या क्लेमवर आम्ही पाच-पाच मिनिटं भांडलोय.

ती बदली घेऊन नाशिकला गेली. त्यानंतर चारेक महिन्यांत मला ऑफिसची पायरी चढवेना. काम तेच होतं, फायलीसुद्धा तितक्याच. म्हणजे इतकी वर्षं मला धरून ठेवलं होतं ते कामाने नव्हे.

तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये सोबतीला आहे तो झोपलेला पोरगा. बाकी माणूस नाही. लॅबमध्ये रात्री तुम्ही एकटेच असता का? त्या पोराचं नाव काय?


बारा_ते_आठ

रात्री मी आणि तो. दिवसा गर्दी असते. नाव इथे लिहीत नाही, पण तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं की मी त्याला दोन हंगाम 'ए सॅम्पल' म्हणूनच हाक मारतोय. खरं तर सगळेच मारतात.


पॅनवरचा_म्हातारा

नातवाने वाचून दाखवलं, मी सांगतोय, तो टाइप करतोय. चुकलं तर त्याचं.

मी १९८१ ला पॅनवर, म्हणजे सिरप आटवून साखरेचा दाणा धरतात त्या बंद कढईवर, लागलो आणि २०१८ ला खाली उतरलो. म्हणजे केमिस्टसाहेब, तुमच्यासारख्यांचे कागद सदतीस वर्षं माझ्याकडे वर येत होते. आता तुम्हाला एक सांगतो, राग मानू नका. त्यातले निम्मे मी वाचलेच नाहीत. कागद टेबलावर, त्याच्यावर चहाचा ग्लास.

पहिली सहा वर्षं मी पॅनबॉय होतो. व्हॉल्व्ह उघड म्हटलं की उघडायचा, बंद कर म्हटलं की बंद करायचा. गरम लोखंड, कानात वाफेचा आवाज, अंगाला सिरपचा वास, घरी गेलो की मुंग्या लागायच्या. कामाचा इतका वीट आला होता की एका हंगामात मी चाळीस दिवस खाडे केले. म्हणून जो म्हातारा तुम्हाला सांगेल की आमच्या काळी आम्ही कामावर जीव टाकायचो, त्याला विचारा, पहिल्या सहा वर्षांत पण?

आमचा जुना पॅनमन काही शिकवायचा नाही. प्रूफ स्टिकने पॅनमधला माल काढायचा, काचेवर एक थेंब टाकून बोटाने पसरायचा, बल्बसमोर धरायचा आणि 'हं' म्हणायचा. सहा वर्षं मी ते 'हं' ऐकलं. एके दिवशी तो लघवीला गेला आणि मी काच उचलून बल्बसमोर धरली. दाणा. बारीक, सारखा, टोकदार, उजेडात चमकणारा. आणि त्यांच्या मधे पिठासारखं काहीतरी धुरकट. तो परत आला तेव्हा मी म्हणालो, मामा, यात काहीतरी पीठ पडलंय. त्याने काच हिसकावली, बघितली आणि धावत जाऊन पाण्याचा व्हॉल्व्ह खोलला. त्या पिठाला खोटा दाणा म्हणतात. पॅन जोरात ओढला, माल गरजेपेक्षा घट्ट झाला की नको तिथे नवीन दाणा धरतो. तो वेळेत विरघळवला नाही तर पुढे मशीनवर मळी सुटत नाही, सगळा माल चिकट, आणि सकाळी चीफ केमिस्टच्या शिव्या.

त्या रात्री त्याने मला पहिल्यांदा त्याच्या डब्यातली भाकरी दिली.

आता तुमच्या कामाचं. पहिल्या उकळीतून निघालेल्या ए मळीची प्युरिटी किती हे कळल्याशिवाय पुढच्या उकळीच्या बी पॅनला काय आणि किती घ्यायचं ते ठरत नाही. तुमचा आकडा चुकला तर पॅनमन आंधळा होतो. मग तो तुमच्यावर भरवसा ठेवणं सोडतो आणि अंदाजाने चालवतो, आणि तुम्ही खाली बसून म्हणता माझ्या आकड्याला कोण विचारतो. माझ्या नोकरीत एकच केमिस्ट असा भेटला जो कागद पोराच्या हातून न धाडता स्वतः जिना चढून घेऊन यायचा. धापा टाकत यायचा, जाड होता. त्याचा कागद मी वाचायचो.

तुम्ही एकदा वर जाऊन बघा. बरं वाटेलच असं मी म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ बॉयलरवर तीस वर्षं होता, माझ्यापेक्षा हुशार, त्याला शेवटपर्यंत त्या कामात काही गवसलं नाही. रिटायर झाल्यावर त्याने कारखान्याच्या रस्त्याने जाणंसुद्धा सोडलं, बाजाराला लांबून वळसा घालून जायचा.


खोडवा_तीन_एकर

सगळे केमिस्टला धीर देतायत. मी शेतकरी आहे, मला वेगळंच दिसलं. यांनी न मोजता आकडा लिहिला, सही ठोकली, आणि आता आम्ही यांची समजूत घालायची.

२०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, टनाला ३,५५० रुपये, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. माझा खोडवा तीन एकर, दीडशे टन धरा. पॉइंट एक टक्का इकडचा तिकडे झाला तर माझे ५,१९० रुपये गेले. युरियाच्या एकोणीस गोण्या येतात त्यात. तुम्हाला कंटाळा आला म्हणून?

वजनकाट्यावर मारतात, आता लॅबमध्येही मारा.


बारा_ते_आठ

दादा, रागावलात ते बरोबर आहे. तुमचं नाकारायला लिहीत नाही, पण एक दुरुस्ती. उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून पोत्यात किती साखर पडली, तो पहाटे चारच्या माझ्या ब्रिक्सवर ठरत नाही. एका रकान्याने तुमचे पाच हजार जात नाहीत.

हे लिहून मी पोस्ट करणार होतो. मग थांबलो, कारण अर्धंच खरं सांगत होतो. बी-हेवी, म्हणजे दुसऱ्या उकळीनंतरची, अजून साखर असलेली मळी डिस्टिलरीला जाते तेव्हा तिच्यातून किती साखर निघून गेली ते लॅबच्याच आकड्यांवरून धरतात. हंगाम चालू असताना पॅनमध्ये, क्रिस्टलायझरमध्ये जो माल अडकलेला असतो त्यात साखर किती, तेही. मिलच्या रसाचा आकडा न बघता लिहिणाऱ्याचा हात उद्या मळीच्या रकान्यावरही तसाच चालेल. आमचाही दोन एकर ऊस आहे, वर लिहिलंच आहे. नऊ वर्षांत मी ही दोन टोकं कधी जोडून बघितली नव्हती. लॅबमध्ये बाबांचा ऊस आठवत नाही आणि शेतात लॅब आठवत नाही.


खोडवा_तीन_एकर

आता आठवेल. तोड कधी आहे तुमच्या बाबांची?


बारा_ते_आठ

चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, म्हणतो पुढच्या पंधरवड्यात. त्याचा पंधरवडा संक्रांतीपासून चालू आहे.


खोडवा_तीन_एकर

माझाही तोच चालू आहे.


नाईट_ड्युटी

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं. कंटाळ्याबद्दल सगळे बोलले, झोपेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

दर आठवड्याला पाळी बदलणं हे शरीराला फार वाईट. रातपाळीची सवय व्हायला लागते तोवर आठवडा संपतो. त्यातही सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे सरकणारी पाळी निदान सोसते. रात्रीवरून दुपार, दुपारवरून सकाळ अशी उलटी फिरत असेल तर झोपेचा पार चुथडा होतो. तुमच्याकडे कशी फिरते? आमच्या वॉर्डात ती उलटी होती, आम्ही चौघींनी मिळून लेखी दिलं तेव्हा बदलली. पैसा लागला नाही, फक्त तक्ता नव्याने लिहावा लागला.

पहाटे साडेतीन ही वेळ मला चांगली माहीत आहे. त्या वेळी मीही एकदा पेशंटचं टेंपरेचर न बघता लिहिलंय. तीन ते पाच या वेळात आपण माणसात नसतो. म्हणून त्या रात्री तुम्हाला आयुष्याबद्दल जे काही वाटलं त्यावर इतक्यात अंगठा उठवू नका. दुपारी जेवून, झोपून उठल्यावर पण तेच वाटतंय का बघा.

सहा कप चहा म्हणालात. रात्री दोननंतरचा चहा बंद करा, तो सकाळी आठला उशीवर भेटतो. घरी जाताना गाडीवर डुलकी लागत असेल तर वीस मिनिटं तिथेच खुर्चीत झोपा आणि मग निघा. आमची एक सिस्टर अशीच घरी जाताना गेली.

आणि एक. पाळीआधी छाती भरून येणं, सुट्टीच्या दिवशीही कशात रस नसणं, हे वाचून मी जरा थांबले. नुसता कंटाळा सुट्टीला पळतो. तुमचा पळत नाहीये. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे वेडा ठरत नाही कोणी. आणि छातीचं एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, ३३ वय आहे म्हणून गृहीत धरू नका.


बारा_ते_आठ

अकरा दिवसांनी लिहितोय. वाचणारे कोणी उरले असतील तर.

पाळी उलटीच फिरते, सिस्टर. बारा-आठ, चार-बारा, आठ-चार. का, ते कोणालाच माहीत नाही. आमच्या लॅब इन्चार्जना विचारलं तर म्हणाले, पहिल्यापासून आहे. अर्ज दिलाय, तिघांच्या सह्या. त्यावर 'हंगाम संपल्यावर बघू' असा शेरा आला. डॉक्टरकडे ईसीजी काढला, ठीक आहे. १४४१६ ला फोन केला, वीसेक मिनिटं बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पुन्हा करणार आहे.

सॅम्पलच्या पोराचं नाव आता घेतो. पहिल्यांदा नावाने हाक मारली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं की दुसऱ्या कोणाला बोलावतोय का. तो बारावी सायन्स आहे. मला माहीत नव्हतं. त्याला ट्यूब भरायला दिली तर बुडबुडा न येता पहिल्याच खेपेला भरली, मला पहिल्या हंगामात आठवडा लागला होता. थोडा जळलो, खोटं कशाला बोलू.

काका, वर गेलो. कागद स्वतः घेऊन. पायऱ्या मोजल्या, एकेचाळीस. पॅनमनने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, काय पाहिजे? म्हटलं, ए मळीची प्युरिटी आणलीय. त्याने कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. तुमची आठवण झाली. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री ग्लास ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "साहेब, ही काढलेली आहे का रजिस्टरातली?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी पहिल्यांदा केलं असेन, पण लॅब पहिल्यांदा करत नव्हती. नऊ वर्षं मी ज्या खुर्चीत बसतो तिच्याबद्दल वर सगळ्यांना माहीत होतं आणि खाली आम्ही इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो.

म्हटलं, काढलेली आहे. म्हणाला, बघू. आणि प्रूफ स्टिक ओढली. काचेवर थेंब टाकला, पसरला, बल्बसमोर धरला. मला दाखवायला धरली नव्हती, पण मी बाजूलाच उभा होतो. काका, मी केमिस्ट्री शिकलोय, क्रिस्टलवर पेपर लिहिलाय कॉलेजात. उकळत्या पॅनमधला दाणा आजवर बघितला नव्हता. पोत्यातली साखर बघितली, डब्यातली बघितली. तपकिरी चिकट थेंबात ते कोपरे असलेले बारके तुकडे, काच जरा कलली की एकदम सगळे लखलखले. व्हॅक्युममुळे तो माल साठ-पासष्ट अंशांनाच उकळत असतो हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण काचेच्या खिडकीतून आत तो गदगदताना बघत उभा राहिलो तो अर्धा तास कसा गेला कळलं नाही. खाली पाचचा कॅन फेस बसून तयार होता, पोराने रस जारमध्ये ओतून ठेवला होता.

मिक्स ज्यूसचा कंटाळा आहे तसाच आहे. कालच दोनला घड्याळ बघितलं, परत बघितलं तेव्हा दोन वाजून सहा मिनिटं. पगार अजून मागेच. पण चारचा रकाना चारलाच भरतो. प्युरिटी ८४.९ येणार हे आधीच माहीत असतं, आणि परवा ८१.२ आली. पुन्हा काढली, ८१.२च. खाली जाऊन विचारलं तर वाटेत ट्रॅक्टर बंद पडल्याने तीन दिवस तोडून पडलेला ऊस गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, चालला होता. इतक्या वर्षांत मी असं विचारायला खाली गेलो नव्हतो.

खोडवा दादा, बाबांना तोड मिळाली. तुम्हाला?

आणि काका, एक अडलंय. खोटा दाणा आला तर पाणी किती वेळ पाजायचं? आमचा पॅनमन सांगत नाही, नुसता 'हं' म्हणतो.


खोडवा_तीन_एकर

नाही मिळाली अजून. टोळी मुकादमाने दुसरीकडे नेली. तुमच्या बाबांचं झालं ते बरं झालं.


पॅनवरचा_म्हातारा

तो सांगायचा नाही. मीसुद्धा कोणाला सांगितलं नाही. घड्याळ लावून पाणी पाजत नसतात. काच धरा, ते पीठ दिसेनासं झालं आणि मोठ्या दाण्याची टोकं अजून शाबूत असली की लगेच बंद. उशीर केला तर चांगला दाणाही झिजतो, मग सगळंच पाण्यात.

आणि कागदावर आकडा जरा मोठा लिहीत चला. वर उजेड कमी असतो, आणि चष्मा वाफेने धूसर होतो.